बोकडाच्या पोटात काय निघालं

माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही. नारळ मी कानाशी हलवून घेते, पनीर हुंगून घेते, आणि कुणी न विचारता "आजच आलंय" म्हणाला की तिथून काहीच घेत नाही. हा गुण मला अण्णांकडून आला. अण्णा म्हणजे माझे वडील. मी लहान असताना रविवारी सकाळी ते मला अंबरनाथच्या मटणाच्या दुकानात घेऊन जायचे. टांगलेल्या बोकडाची शेपटी शाबूत आहे ना हे आधी बघायचं, म्हणजे मेंढी गळ्यात मारत नाहीत हे कळतं. मग चरबीला बोट लावायचं. तरीही शंका राहिली तर मागच्या बाजूला जाऊन पोट बघायचं. रानात चरलेल्या बोकडाच्या पोटात चावलेला हिरवा पाला निघतो, आणि बांधून वाढवलेल्याच्या पोटात भुसा आणि मका. "बाकी सगळं झाकता येतं," अण्णा म्हणायचे, "पोटातलं झाकता येत नाही." खाटीक वैतागायचा, पण अण्णांच्या पिशवीत खोटा माल टाकायची त्याची छाती नव्हती.

आई गेली आणि अण्णा अंबरनाथची खोली बंद करून आमच्याकडे डोंबिवलीला आले. आले ते निम्मेच आले असं मला पहिल्या महिन्यातच वाटायला लागलं. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले, घड्याळ मनगटावर फिरायला लागलं. रात्रीच्या जेवणात भाकरी अर्धी टाकायचे. ठाण्याला नौपाड्यातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, आजार काही नाही, वजन मात्र असंच उतरत राहिलं तर अवघड होईल. आवडीचं खाऊ घाला. अंडी, मटण, जे मागतील ते.

अण्णांच्या आवडीचं म्हणजे मटणच. मी लगेच आणलं. त्यांनी एक तुकडा चावला, बराच वेळ चावला आणि ताट पुढे सरकवलं.

"पेंड खाऊन फुगवलेलं आहे गं. कापूस चावल्यासारखं लागतंय."

"अण्णा, डोंबिवलीत चरायला डोंगर आहे का कुठे?"

"मग कशाला आणलंस?"

मी चिडले, पण मनातून बरंही वाटलं. निदान कशाबद्दल तरी तक्रार केली होती. चरलेलं बोकड मिळालं तर हा माणूस जेवेल, एवढं मी धरून बसले. दुसरं काही धरायला नव्हतंच.

सुरुवात नौपाड्यातल्याच एका नव्या दुकानापासून केली. काचेचं दार, आत एसी, मटणाच्या दुकानाला कसलाच वास नाही. मला तिथेच शंका आली. भिंतीवर हिरवंगार कुरण आणि त्यात एक गोरीपान, केसाळ शेळी. असली शेळी ठाणे जिल्ह्यात कुणी पाहिली असेल तर त्याचा सत्कार करायला हवा.

"मॅम, हंड्रेड पर्सेंट ग्रास-फेड," काउंटरवरचा म्हणाला.

"कुठलं गवत खातात?"

"मॅम?"

"गवत. कुठल्या भागातलं? आता मे महिना आहे, सगळं वाळून गेलंय. मग मेमध्ये काय खातात?"

त्याने समोरच्या स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर बहुतेक मे महिन्याचं काही लिहिलेलं नसावं. "मॅम, ग्रास म्हणजे... ऑरगॅनिक ग्रास." भाव ऐकून मी दाराबाहेर आले आणि त्या दुकानाच्या नावाने कानाला खडा लावला. एवढ्या पैशात आमच्याकडे चार माणसांचा महिन्याचा किराणा निघतो, आणि वर कुरण भिंतीवरच.

मग कुणीतरी सांगितलं, शहाडला नदीच्या बाजूला एक जण गावरान कोंबड्या विकतो, मटण नाही तर निदान कोंबडी तरी खातील. गेले. टोपल्यात सगळ्या कोंबड्या एकाच मापाच्या, जणू एकाच शाळेत, एकाच वर्गात. मी एकीचा पाय उचलून बघितला. नखं लांबलचक. मातीत उकरणाऱ्या कोंबडीची नखं झिजतात, ही कधी मातीला लागलीच नव्हती. विकणारा म्हणाला, "बाई, घ्यायची तर घ्या, मॅनिक्युअर काय बघताय?" मी न घेता परत आले. घरी अण्णांना सांगितलं तर ते बऱ्याच दिवसांनी हसले. "नखं बघितलीस? शाब्बास." पण रात्री भाकरी अर्धीच.

शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी वाट्याचं काढलं. टिटवाळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक शेळ्या पाळणारा आहे. आठ-दहा घरं मिळून त्याच्याकडून एक बोकड घेतात, तिथेच कापून वाटे घालतात, ज्याचा त्याचा वाटा घेऊन घरी येतात. दुकानापेक्षा स्वस्त पडतं, आणि बोकडं रानातच चरतात.

"तुम्ही बघितलीत चरताना?" मी विचारलं.

"अगं, तो सांगतो ना."

सांगतो! शहाडवालाही सांगतच होता. तरी मी हो म्हटलं, पण एका अटीवर: अण्णा बरोबर येणार आणि पोट बघणार. वहिनींनी ही अट वाट्यातल्या सगळ्यांना सांगून टाकली, वर "जाणकार आहेत" असंही जोडलं. त्यामुळे त्या रविवारी अण्णा पाहुणे नव्हते, परीक्षक होते. सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मी पिशवीत स्टीलचा डबा आणि बॅगा तोलायचा काटा टाकला. काटा बघून अण्णा म्हणाले, "तो राहू दे. वाट्यात तोलत नाहीत, अपमान समजतात." मी काटा डब्याखाली सरकवला, काढला नाही.

टिटवाळा स्टेशनबाहेर रिक्षावाले "मंदिर, मंदिर" करत अंगावर आले. हातात डबा आणि बरोबर म्हातारे वडील बघून त्यांना आम्ही नैवेद्य घेऊन निघालोय असंच वाटलं असणार. एकाने तर "काका, दर्शन पटकन होईल" अशी खात्रीही दिली. अण्णा म्हणाले, "आज दुसरीकडे दर्शन आहे," आणि पत्ता सांगितला.

शेळीवाल्याच्या अंगणात बाकीचे आधीच आलेले होते. निवृत्त मास्तर, वहिनी, कल्याणचे एक नवरा-बायको, अजून काही जण. आंब्याच्या झाडाखाली चहा चालला होता. शेळीवाला पन्नाशीचा, बोलका. मला बोलकी माणसं विकताना आवडत नाहीत.

"बगा काका, आपला माल सगला चराऊ. सकालपासून डोंगरावं असतात."

बोकड खुंटीला बांधलेलं होतं. मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. खुर वाढलेले. दगडधोंड्यांत फिरणाऱ्या जनावराचे खुर असे नसतात. गळ्यात दोराचा जुना घट्टा. आणि उजव्या शिंगाच्या बुडाशी निळ्या रंगाचा पुसट डाग, बाजारात व्यापारी आपला माल ओळखायला लावतात तसला. मी अण्णांना कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी शिंग दाखवलं. त्यांनी बघितलं. "पोटात बघू," एवढंच म्हणाले.

मग ते चहाला बसले. मास्तर जुन्नरकडचे निघाले, अण्णा पण तिकडचेच. बोलता बोलता कुठल्या यात्रेत किती बोकडं पडायची इथवर गाडी गेली. अण्णा दोन्ही हातांनी काहीतरी मापं दाखवत होते. मी मात्र डोळ्यांत तेल घालून बोकड कापणाऱ्याच्या मागे उभी होते, न जाणो पोट आधीच उचलून कुठे टाकलं तर.

पोट बाहेर आलं तेव्हा मी अण्णांना हाक मारली. ते आले. अंगणातल्या गप्पा थांबल्या. वहिनी, मास्तर, सगळे आमच्याकडे बघायला लागले. शेळीवाला हात पुसत उभा होता.

पोट चिरलं. आत पिवळट भुसा होता आणि त्यात मक्याचे फुटके दाणे. पाल्याचं नाव नाही. चार दिवस तरी त्या बोकडाने हिरवं पान तोंडात धरलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. शहाणी ठरले होते मी. आता अण्णा तोंड उघडतील आणि या बोलक्या माणसाची बोबडी वळेल.

अण्णा वाकले. काडीने थोडं उकरलं. दाणे त्यांना माझ्याइतकेच दिसत होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच करून आणलंय. ते सरळ झाले, काडी टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाला आहे. चरलेलं आहे. चांगलं आहे."

अंगणात परत गलका सुरू झाला. शेळीवाल्याने घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून अण्णांना दिली, स्वतः झटकून दिली. माझ्याकडे वळून म्हणाला, "काय ताई, झाली खात्री?" मला त्याचे दात पाडावेसे वाटले. पण अण्णांचा शब्द खाली कसा पाडू? मी म्हटलं, "हो."

पळसाच्या पानांवर वाटे पडले. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी बरगडी, कलेजीचा तुकडा, वजडी, चरबी. कुणी कुठला घ्यायचा हे ठरवायची रीत अशी की एकाने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरा जे नाव घेईल त्याचा तो. त्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही. शेळीवाल्याने अण्णांनाच उभं केलं. "जाणतं मानूस हाय, यांनाच सांगू दे."

मला तेव्हाही शंका, की चांगल्या वाट्यावर शेळीवाला खोकून खूण करेल. पण अण्णा खणखणीत आवाजात सांगत सुटले. "हा कोणाचा?" "मास्तरांचा." "हा?" "कल्याणकरांचा." "हा?" "समोरच्या वहिनींचा." वहिनी सोडल्या तर तासाभरापूर्वी ओळख झालेली माणसं, एकही विसरले नाहीत. घरी मला चष्मा कुठे ठेवला हे दिवसातून तीनदा विचारतात. शेवटचा वाटा राहिला तेव्हा म्हणाले, "राहिला तो आमचा," आणि सगळे उगाचच हसले. निघताना मास्तरांनी त्यांना पुढच्या वाट्याला यायचं बजावलं. अण्णा म्हणाले, "येणार तर."

परतीच्या रिक्षात मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले. मला मक्याचं काही नव्हतं. अण्णा खोटं बोलले होते. तेही किती सफाईने, डोळ्याची पापणी न हलवता. मग एक विचार आला. मी सकाळी त्यांचा डबा भरून ठेवून निघते आणि ऑफिसातून रोज दुपारी त्यांना फोन करते. "जेवलात?" "जेवलो." "सगळं?" "हो गं, सगळं, डबा धुऊन ठेवला." दूधवाल्यावर, रिक्षावाल्यावर, डॉक्टरवर, सगळ्यांवर मी शंका घेतली. त्या 'जेवलो'वर एकदाही घेतली नाही.

घरी येऊन कांदा-खोबरं भाजलं, काळा मसाला घातला, मटण शिजवलं, भाकऱ्या टाकल्या. अण्णा जेवायला बसले. पहिली भाकरी संपली. दुसरी मागितली. रस्सा वाढून घेतला, नळी उभी धरून ताटावर आपटली. इतक्या महिन्यांत मी ज्याची वाट बघत होते ते समोर चाललं होतं आणि मला गप्प बसवेना.

"अण्णा, पोटात मका होता."

"दिसला मला."

"मग खोटं का बोललात?"

"मका आहे म्हटलं असतं तर सगळे उठून गेले असते. वाटे पडले नसते." त्यांनी नळी दुसऱ्या बाजूने आपटली. "चव बरी आहे."

"मला वाटलं तुम्ही माझ्यासारखे आहात."

"आहेच की."

"मग रोज दुपारी फोनवर जेवलो म्हणता, ते?"

नळी ताटावर आपटायची थांबली. ते माझ्याकडे बघेनात. 

"डबा वॉचमनला देतो," ते म्हणाले. "तोही एकटाच असतो."

मला राग आला. त्यांचा आला, माझा आला, त्या वॉचमनचाही आला, रोज माझ्या हातचं खाऊन मला एका शब्दाने न सांगणारा. डोळ्यांत पाणी होतं ते त्यांना दिसू नये म्हणून मी ओट्याकडे वळले आणि तिसरी भाकरी थापायला घेतली.