कडुनिंब आणि डेन्मार्क

माझा कडुनिंब शेजाऱ्याला तोडायचा आहे, असं आमच्या कॉलनीत सगळे मानतात. हे मीच पसरवलं आणि ते खोटं आहे.

तो रोज सकाळी छतावर चढून सोलर पॅनल पुसतो आणि कठड्यावरून मला जगाचा हिशेब ऐकवतो. "नॉर्वे पाण्यावर चालून राहिला, काका. डेन्मार्क वाऱ्यावर. जर्मनीत ऊन पाहुण्यासारखं येते, तरी त्याईनं छतं भरली. अन् आपण? उनाले शिव्या देऊन राहिलो!" कोणता देश पुढे गेला, हे तो घरच्या मुलाच्या निकालासारखं सांगतो.

माझ्या दिवंगत पत्नीने लावलेला कडुनिंब वाढला आणि दुपारनंतर त्याच्या पॅनलवर सावली पडू लागली. आता हा फांद्या तोडायला सांगणार, याची मला खात्री होती.

गेल्या रविवारी त्याने मिस्त्री बोलावून पॅनल जिन्याच्या छपरावर चढवले. तिथे जागा कमी. दोन पॅनल उरले, ते त्याने जिन्यात उभे करून ठेवले.

"काहून गा, काहून हलवले?" मी विचारलं.

"काकूचं झाड हाये ना," तो म्हणाला आणि लगेच चीनकडे वळला.