कुलूपबंद अंगणातला धान

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून घरी जाणारा माणूस मी. पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी मोजण्यात सगळी हयात गेली. जे पट्टीवर दिसत नाही ते माझ्या लेखी नसायचंच. आज शहात्तराव्या वर्षी हे लिहितोय ते एक खोटं दुरुस्त करायचं आहे म्हणून...

तुमसरहून आंबागडकडे जाताना, जंगल लागण्याआधी, एक बंद पडलेलं मनोरुग्णालय आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. कौलं घसरलीत, खिडक्यांच्या गजांतून वेली आत गेल्यात, भिंतींचा निळा रंग मात्र अजून टिकून आहे. चारही बाजूंनी वॉर्ड, मधोमध अंगण. जागा सुंदर आहे, हे कबूल करायला हवं. तिथे माझा धाकटा भाऊ सदाशिव होता.

आमच्याकडे धानाची रोवणी बायका करतात. पुरुष चिखल करतात, रोपांच्या पेंढ्या वाहतात. सदाशिव मात्र बायकांच्या ओळीत वाकून रोवायचा — दिवसभर, कुणाच्याही शेतात. ओळ संपली तरी थांबायचा नाही. शेवटचं रोप कोरड्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खोचायचा. "सदाशिवबाई, लुगडं आणू का?" म्हणून लोक हसायचे. पुढे त्याची झोप गेली, जेवण सुटलं. दोन बहिणींची लग्नं अडली. मी त्याला तिथे भरती केलं आणि गावात सांगितलं की नागपूरला दवाखान्यात वारला. तेरवी केली. त्याच्या बायकोने कुंकू पुसलं. मुलगी वनिता तेव्हा दोन वर्षांची होती.

वर्षभराने हॉस्पिटलचं पत्र आलं — पेशंट बरा आहे, घेऊन जा. मी उत्तर लिहिलं, या पत्त्यावर त्याचं कोणी राहत नाही. पुन्हा पत्र आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सदाशिवची बायको गेली, विधवा म्हणूनच. त्यानंतर मी संस्थेत चौकशी केली. रुग्णालय बंद पडताना दुसरीकडे हलवलेल्यांत त्याचं नाव नव्हतं, वारलेल्यांतही नव्हतं. मग गेल्या भाद्रपदात एका दुपारी मी तिथे गेलो. म्हाताऱ्या चौकीदाराने अंगणाचं कुलूप उघडलं. आत घोटाभर पाणी, आणि ओळीने रोवलेला हिरवागार धान.

"कोणी लावला?"

"कोनीच नाही जी. चाबी माह्यापाशीच रायते. दरसाल असाच होते."

"कोणाला सांगितलं नाही?"

"पोलीस पाटलाले सांगतलं ना! तो म्हने, चोरी झाली तं ये, रोवनी झाली त्याची कायची तक्रार घेऊ?"

तुंबलेली नाली, पाखरांनी आणलेलं बी... सगळं लॉजिक लावून पाहिलं. पण पाखरं ओळीत रोवत नाहीत. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला, वॉर्डाच्या कोरड्या पायरीच्या फटीत, एकेक रोप खोचलेलं होतं.

त्याच आठवड्यात मी वनिताला सगळं सांगितलं. ती एकोडीला शाळेत शिकवते.

"आईले माहीत होतं?"

"नाही."

"मंग जित्या माणसासाठी रडली ती जन्मभर, मोठेबाबा?"

दोन महिने तिने माझा फोन उचलला नाही. दिवाळीनंतर तिचाच आला. "धान पिकला असन. कापाले जायचं हाय. चौकीदाराले सांगून ठेवा."

अंगणाच्या दाराशी पोचल्यावर म्हणाली, "तुमी बाहेरच थांबा." विळा घेऊन एकटी आत गेली.

मी आणि चौकीदार दाराबाहेरच्या पायरीवर बसलो. आतून विळ्याचा आवाज येत होता... खर्र, खर्र. थोड्या वेळाने लक्षात आलं, आवाज दोन आहेत. एक थांबला तरी दुसरा चालूच. मधूनच वनिता हळू काहीतरी बोलायची. उत्तर ऐकू यायचं नाही. चौकीदाराने हातावरचा तंबाखू तसाच ठेवला.

"पोरगी एकटीच गेली ना जी?"

मी हो म्हटलं. वॉर्डांची दारं कधीच बुजवलीत, अंगणात जायला ते एकच दार आहे.

तासाभराने ती डोक्यावर भारा घेऊन बाहेर आली. भारा घ्यायला मी हात पुढे केला, तिने दिला नाही. "चला," एवढंच म्हणाली. आत बघितलं तर अंगण रिकामं, सगळा धान कापलेला.

आत दुसरं कोण होतं याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. वनिताला विचारावं, तर तेवढं तोंड मी ठेवलेलं नाही.