तीन कार्डांवरची दुपटी

ती घटना मी आजही स्वतःहून आठवतो, विसरू नये म्हणून. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मी स्वतः चुकलो आणि चूक वेळेत निस्तरली, असं पहिलं प्रकरण हेच. निदान मी तरी तसंच सांगतो.

तेव्हा मी अमरावतीला सायबर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा समोर आला, तोच एका पेमेंट कंपनीचा मेल आला. परदेशातून आलेले पैसे ऑनलाइन दुकानदारांपर्यंत पोचवणं हे त्या कंपनीचं काम. परदेशातल्या तीन कार्डधारकांची तक्रार होती की, आमच्या कार्डावरून भारतात खरेदी झाली आणि ती आम्ही केलेली नाही. तिन्ही खरेद्या एकाच दुकानातल्या होत्या. दर्यापूर तालुक्यातली एक बाई तान्ह्या बाळांची सुती दुपटी ऑनलाइन विकत होती. कंपनीने तिच्या दुकानात पैसे येणं बंद करून टाकलं होतं.

आमच्या खात्यात अशा वेळी पहिला संशय दुकानदारावर. चोरलेल्या कार्डांवरून पैसे काढायला खोटं दुकान थाटायचं, ही या चोरांची ठरलेली पद्धत. स्त्रीची चौकशी तिच्या घरीच करायची असा नियम आहे, म्हणून स्टेशन डायरीत नोंद करून, महिला हवालदाराला घेऊन मी जीपने तिच्या गावी गेलो.

बाई चाळिशीची. घरचा भाजीपाल्याचा मळा. ओसरीवर गल्लीतल्या सहा बाया दुपटी शिवत बसल्या होत्या. जीप दारात थांबली आणि त्या एकेक करून उठून गेल्या. गल्ली मात्र गोळा झाली. मी आवाज चढवून विचारलं, "ही तीन कार्डं कोणाची?"

"मले काय मालूम, सायेब? या तिन्हीचं गिऱ्हाईक तं एकच बाई हाय, आपल्याकडचीच, तिकडं परदेशात राह्यते. तिच्या लेकीले जुळं झालं म्हने. तिथल्या मैत्रिणींले बी दुपटी पायजेत."

"एक बाई, अन् कार्डांवर नावं तीन. शंका नाही आली?"

"कायची शंका? आमच्या घरी बी सामान एकाचं अन् पैसे दुसऱ्याच्या फोनवरून जातात. एखांदं सुनेचं कार्ड असन, एखांदं नवऱ्याचं."

"बरं. माल परदेशात पाठवल्याची पावती दाखवा."

"पावती नाही. तिचा भाचा अकोल्याले राह्यते. तो कामानं तिकडं येत-जात राह्यते. त्याच्याच हाती देलं, अकोल्याच्या स्टँडवर."

वऱ्हाडात हे कोणालाच वावगं वाटणार नाही. पुण्याला जाणारा असो की परदेशात, त्याच्या सामानात चार घरच्या पिशव्या असतातच. टपालाचा खर्च करणारा इथे वेडा ठरतो. पण परदेशी कार्डाच्या व्यवहारात तीच सवय अंगाशी येते. खात्यात पैसे दिसले म्हणजे ते आपले झाले असं नाही. कार्डाचा खरा मालक 'मी घेतलं नाही' म्हणाला की ते महिन्यांनीसुद्धा परत जातात. माल त्याच्या पत्त्यावर पोचल्याचा पुरावा दुकानदाराने द्यायचा असतो, आणि हिच्याकडे पुरावा होता तो फक्त अकोल्याचा स्टँड.

"उत्तरं चांगली पाठ केलीत," मी म्हणालो.

ती ताडकन उठली. "मी चोर असती तं दुपट्यावर आपल्या गावाचं नाव कावून शिवलं असतं?" मग रिकाम्या ओसरीकडे बघत म्हणाली, "तुमी आले अन् माह्या साऱ्या बाया उठून गेल्या. चोरटीच्या ओसरीवर आता कोन बसन, सायेब?"

तेवढ्यात तिचा फोन तपासणाऱ्या हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, ही परदेशी बाई काहीच विचारत नाही." मी बाकीच्या गिऱ्हाइकांचे मेसेज पाहिले. धुतल्यावर रंग जाईल का, माप केवढं, दोन घेतले तर कमी कराल का, कधी पोचेल. नुसता भुंगा. या बाईने मात्र फक्त नग कळवले, पैसे भरले आणि भाच्याची वेळ सांगितली. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो माणूस चिकित्सा करतोच. माझा संशय त्या क्षणी ओसरीवरून उठला आणि अकोल्याला गेला.

तिसऱ्या ऑर्डरचा माल अजून घरातच होता. अकोला पोलिसांना कळवून आम्ही सापळा लावला. ठरल्या दिवशी भर दुपारी बाई पिशवी घेऊन स्टँडवर बसली, शेजारी साध्या वेशात हवालदार, आणि वर्तमानपत्रामागे मी. भाचा आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मला घोर एकच होता. 'मी नुसता हमाल, मावशीने सांगितलं म्हणून आलो' असं तो म्हणाला तर पुढे काय?

त्याने पिशवी घेतली. मी उठणार, तोच बाईने न सांगता फोन काढला. "थांब बाबू, तुह्या हाती देलं म्हून मावशीले कळवून देतो." कोणाच्या हाती काही पाठवलं की मागून निरोप द्यायचा, ही तिची रोजची सवय. तिने परदेशी नंबर लावला आणि भाच्याच्या खिशातला फोन वाजू लागला!

पुढची चौकशी दहा मिनिटांत आटोपली. मावशी नव्हतीच. चोरलेल्या कार्डांची माहिती विकत घेऊन हाच ऑर्डर नोंदवत होता आणि दुपटी मोठ्या शहरांतल्या प्रदर्शनांत विकत होता.

आमचा अहवाल गेल्यावर कंपनीने दुकान पुन्हा सुरू केलं. मी खुशीत तिला फोन केला, "ताई, तुमच्यावर आता काहीही नाही."

"मले सांगून काय उपेग? मी चोर नाही हे मले पयलेच मालूम होतं," ती म्हणाली. "गल्लीले सांगा. जीप घेऊन आले होते ना, तशेच जीप घेऊन या."

मला राग आला. मग लाज वाटली. गणवेश चढवून गेलो, दारात उभा राहिलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं की, या बाई निर्दोष आहेत, आणि चोर यांच्यामुळेच सापडला.

गुन्हेगार कसा पकडायचा हे खात्याने शिकवलं. संशयाने मळलेलं नाव परत नेऊन द्यायचं असतं, हे मला त्या ओसरीवर कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत, ज्याच्या दारात चुकीने गेलो त्याच्या दारात पुन्हा गेलो. आज स्वस्थ झोप लागते, त्यात या फेऱ्यांचा वाटा मोठा आहे.

त्या दिवशी मी निघेपर्यंत पाच बाया ओसरीवर परत येऊन बसल्या होत्या. सहावी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ते कळवायला दुकानवाल्या ताईंनी मला ठाण्यात फोन केला होता.