मिशीवरचा चुरा

दिवाळीच्या तोंडावर आमच्या वाशी गावात लोक घरचं पीठ-तूप नेऊन बेकरीत बिस्किटं भाजून घेतात. मालक प्रत्येक घराच्या ट्रेमधलं एक बिस्किट मोडून खातो आणि ‘झालं’ म्हणतो. मगच माणसं डबा भरतात.

ती बाई माझ्या पुढं होती. डोक्यावरचं पातेलं उतरवून तिनं पदरानं त्याचा काठ पुसला. पिठात सीताफळाचा ताजा गर मळलेला होता.

"मालक, लवकर लावा. गर हाय, आंबून जाईल."

मालकाला तिची जात ठाऊक होती. तो मागच्यांचे ट्रे लावत राहिला. "आधी यांचा लावा," मी ओरडलो.

"तुमी लई शिकलेले," तो हसला.

भट्टी निवत आल्यावर तिचा ट्रे आत गेला. बाहेर आल्यावर तिनं एक बिस्किट त्याच्यापुढं धरलं.

"आज उपास हाय मला," तो म्हणाला.

"मग मिशीला काय चिकटलंय, मालक? भगर?"

रांगेत कुणी हसलं नाही. दिवसभर त्यानं सगळ्या गावाचं चाखलं होतं. तिनं ते बिस्किट स्वतःच मोडून चावलं.

"आत कच्चं हाय. लाकडं घाला, परत लावा."

आणि ती भट्टीसमोरच मांडी घालून बसली. त्याला लाकडं घालावी लागली.

जात आता कुठं राहिलीय, असं कुणी मला सांगू लागलं की मी आधी त्याच्या मिशीकडं बघतो.