अठ्ठावीस मामांचा रस्ता

तिसरीच्या वर्गातले अठ्ठावीस पोट्टे-पोट्ट्या माझ्यासमोर कानात बोटं घालून बसले होते. मी आफ्रिकेतल्या कासवाची गोष्ट सुरू केली होती. दुसरं वाक्य झालं नाही तोच हा प्रकार.

सुरुवात दुर्गेश्वरीनं केली. पहिल्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची. तिचं पाहून बाकीच्यांनी.

"क्या हुआ बेटा?"

"दादी, दिन में कहानी सुनने से मामा रस्ता भूल जाता है."

आता हे मलेही माहीत होतं. आमच्या भंडाऱ्याकडेही म्हणतात. भर दुपारी पोरांनी गोष्टीचा हट्ट धरू नये म्हणून कोण्या कामाच्या बाईनंच काढलं असेल. पण मी घाई केली. म्हटलं, "अरे, ऐसा कुछ नहीं होता."

दुर्गेश्वरी रडायला लागली. ती मामाकडेच राहते. मामा ट्रक चालवतो. त्या दिवशी तो नागपूरहून माल घेऊन निघाला होता.

दुसऱ्या दिवशी ती आनंदात मला सांगायला आली, "मामा आ गया! मैंने कहानी सुनी ही नहीं थी न." घ्या. आता काय बोलता?

मी शिकलेली दहावीपर्यंत. नवरा रेल्वेत, म्हणून रायपूरला आले, आणि बालवाडीत पोरं सांभाळता सांभाळता गोष्टी सांगायला शिकले. रिटायर झाल्यावर गुढ़ियारीतल्या या शाळेनं बोलावलं. आठवड्यातून एक स्टोरी पिरियड, जगभरच्या लोककथांचा. लोककथा म्हणजे जिचा लेखक कोणालाच माहीत नाही, तोंडातोंडी चालत आलेली गोष्ट.

प्रिन्सिपल मॅडम पुण्याच्या, नव्या. त्यांनी बोलावलं.

"मावशी, ही अंधश्रद्धा आहे. मुलांना ठामपणे सांगा."

"सांगितलं मॅडम. पोट्टी रडली."

"मग शुक्रवारी मी ऑब्झर्वेशनला बसते. मुलं ऐकतच नसतील, तर हा पिरियड कॉम्प्युटरला देऊ."

ऑब्झर्वेशन म्हणजे मोठ्या मॅडम मागच्या बाकावर वही घेऊन बसतात आणि तुमचा वर्ग पाहतात. 

अंधश्रद्धा माझ्या बापानं घरातून कधीचीच हाकलली होती. मलेही मॅडमचंच पटत होतं. पण जी पोट्टी मामासाठी कासवाची गोष्ट सोडते, तिच्याशी भांडून काय मिळणार? आणि पिरियडही सोडायचा नव्हता. ठरवलं, पोट्टी नि पिरियड, दोन्ही सोडायचं नाही.

कासवाची गोष्ट ज्यातून घेतली होती, ते आफ्रिकेचं पुस्तक पुन्हा काढलं. गोष्टी वाचल्याच होत्या. मागच्या टिपा कधी वाचल्या नव्हत्या. बारीक अक्षर, कोण वाचतं? या वेळी चष्मा पुसून वाचल्या.

शुक्रवारी मॅडम मागं बसल्या. पोट्ट्यांनी आधीच कानात बोटं घातली होती. मी खडू ठेवला नि म्हटलं, "आज कहानी नहीं सुनाऊँगी."

मॅडमचं पेन थांबलं.

"बस इतना बताऊँगी, उधर अफ्रीका में कई जगह बच्चे दिन में कहानी क्यों नहीं सुनते."

बोटं थोडी सैल झाली. "उनका भी मामा भूलता है?"

"नहीं. सिर पे सींग निकल आते हैं."

"गाय जैसे?" मागून एकजण ओरडला.

"तेरे को बकरी जैसे निकलेंगे."

वर्ग खदाखदा हसला. बोटं सगळी बाहेर. मग मी सांगितलं, तिकडं दिवसा गोष्ट सांगायचीच झाली तर आधी केसात काडी खोचतात. मग शिंगं फुटत नाहीत.

दुर्गेश्वरी हसली नव्हती. ती विचार करून राहिली होती. "त हमर मामा बर का उपाय हे, दादी?"

मामासाठी काय उपाय? टिपेत नव्हता. "तुम बताओ," म्हटलं.

"लोकेशन भेज दो!"

"मेरे मामा का बटनवाला फोन है."

दुर्गेश्वरी उठली. "पहिली रद्दा बता देबो. तहाँ ले कहानी." म्हणजे आधी मामाला रस्ता सांगून टाकू, मग गोष्ट. तिनं डोळे मिटले. "मामा, टाटीबंध से सीधा आना. कहीं मुड़ना नहीं. हमर पारा में, मोहल्ले के नल के पास मैं खड़ी हूँ."

मग काय, सगळ्यांचे मामा निघाले. कोणाचा पंडरीत कापडाच्या दुकानात, कोणाचा पुरानी बस्तीत, एकाचा थेट सुरतला. एकाले मामाच नव्हता. त्यानं मौसाले आणलं. यात पंचवीस मिनिटं गेली. मॅडम घड्याळ पाहत होत्या. मी कोणाचा रस्ता तोडला नाही.

उरलेल्या वेळात कासव जेमतेम नदीपर्यंत पोचलं. घंटा झाली, पण कोणी उठेना. दुर्गेश्वरीनं तर दोन्ही वेण्या कानामागं सारल्या होत्या.

ऑफिसात मॅडम म्हणाल्या, "मावशी, लेसन प्लॅनमध्ये हे रस्ते कुठेच नव्हते."

"नव्हते मॅडम."

"आणि गोष्ट अर्धी राहिली."

"हव."

त्यांनी वही मिटली. मग हळूच, "कासवाचं पुढे काय होतं?"

"तुमचे मामा कुठं राहतात मॅडम?"

"सांगलीला. का?"

"सांगा मग रस्ता."

पिरियड राहिला. लेसन प्लॅनमध्ये, म्हणजे चाळीस मिनिटांत काय करायचं त्या कागदावर, आता पहिली दहा मिनिटं रस्त्यांची असतात. मॅडमनी त्याले 'परिसर अभ्यास' असं नाव दिलं. परक्या मुलखाची गोष्ट शिकवणाऱ्या नव्या पोरींना माझं एवढंच सांगणं: पुस्तकाच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचा, आणि गोष्ट छोटी निवडा.