लेन्सची डावी बाजू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज सकाळी ज्यांच्याबरोबर चहा घेतो त्या मित्रांनाही नाही. चॅनेलवर तर मी जगभरचं बोलतो — हे एवढं सोडून. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. की ओळखता? मेहकरचा एक माणूस वऱ्हाडीत लेन्सांचे निकाल लावतो, कधीतरी मोबाईलवर समोर आला असेल. तो मीच.

धंदा लग्नाच्या फोटोंचा. चॅनेल नंतरचं. मिररलेस कॅमेरे आले तेव्हा आमच्या भागातल्या पोरापोरींनी जुने जड कॅमेरे विकून ते घेतले, आणि कॅमेरा घेता घेताच त्यांचे खिसे रिकामे झाले. मग लेन्स उरायची ती स्वस्तातली प्राइम. म्हणजे झूम नाही, आपणच पुढे-मागे सरकायचं. पण उजेड कमी असला तरी काम भागवणारी. अशा लेन्सा ढिगाने यायच्या, कितीतरी नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कुठली घ्यावी आणि कुठली दुकानातच ठेवावी, हे मी सांगायचो. लोक ऐकायचे. माझा शब्द चालतो, ही गोष्ट मला फार गोड लागायची — अजूनही लागते, खोटं कशाला बोलू?

माझी परीक्षेची एक पद्धत होती. घरामागच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पानं खळीने चिकटवायची. समोर स्टँडवर कॅमेरा, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे जास्तीत जास्त उजेड आत येईल अशी. मग फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून कडेची अक्षरं वाचायची. मधली अक्षरं काय, कुठलीही लेन्स दाखवते. तिची लायकी कळते ती कडेला. निधनवार्तांचं पान मी मुद्दाम कडेला लावायचो, त्यातला टाइप बारीक असतो म्हणून. एखादी बाजू धूसर आली, तर कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घ्यायचा. धूसरपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष लेन्सचा. तिथेच राहिला तर दोष आपल्या मांडणीचा. इतकं सोपं आहे. शाळेतल्या पोरालाही जमेल.

मी हे का सांगत बसलोय? पुढचं सांगायला जीभ रेटत नाही म्हणून.

अकोल्याच्या एका दुकानदाराने मला एक पस्तीस एमएमची प्राइम बघायला पाठवली. हलकी, हातात छान बसणारी, मध्यभागी तर अशी कडक की पापण्या मोजाव्यात. बाकीच्यांच्या आधी आपला व्हिडिओ गेला पाहिजे म्हणून मी भिंतीपर्यंत गेलोच नाही. उन्हात चार चेहरे काढले, आणि कॅमेऱ्यासमोर बसून म्हणालो, 'भिंतीवर पाह्यली, चारी कोपरे पास.' व्हिडिओ खूप चालला. दुकानदार खूश झाला, म्हणाला, लेन्स ठेवून घ्या तुम्हालाच.

त्यानंतर मी ती भिंतीसमोर लावली. तेही सवयीने. डावीकडची अक्षरं ओल्या बोटाने पुसल्यासारखी आली. कॅमेरा उलटा केला, तर धूसरपणा उजवीकडे गेला. आतली एखादी काच तिरकी बसली होती. होतं असं स्वस्त लेन्समध्ये, एखादाच नग वाईट निघतो. दुकानदाराला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी बदलून दिली असती. पण मग तो विचारणार — भिंतीवर पाहिली म्हणालात ना? काय सांगणार होतो मी त्याला? लेन्स पेटीत घालून ठेवली.

आता वैशाली.

वैशाली डोणगावची. माझ्याकडे शिकायला आली, मग दोन सीझन माझ्याबरोबर लग्नं करत राहिली. मला दादा म्हणायची. काम करताना तोंडातून शब्द नाही, पण बायका तिच्यासमोर मोकळ्या हसायच्या. माझ्यासमोर आयुष्यात कुणी तसं हसलेलं नाही. एकाच लग्नातले तिचे आणि माझे फोटो शेजारी ठेवले तर तिचे उजवे ठरायला लागले होते. हे एक वाक्य लिहायला मला सकाळपासून बसावं लागलं.

तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं. लोणारला, तिच्याच नात्यात. विहाराच्या हॉलमध्ये लग्न, उजेड बेताचा, फ्लॅश फार मारू नका असं घरच्यांनी सांगितलेलं. ती म्हणाली, "दादा, सोताचं पह्यलं काम हाय. कोणती लेन्स घेऊ? तुमी सांगसान तेच घेतो."

मी ती पेटी काढली आणि आतली लेन्स तिला विकली.

फुकट आलेली लेन्स विकली, हा त्यातला लहान भाग. तिने मला विचारलं होतं, "ही भिंतीवर पाह्यली ना?" आणि मी "हाव" म्हणालो होतो. त्या वेळी मला काय वाटत होतं? एक ठेच लागली की पोरगी थोडी जमिनीवर येईल, असं वाटत होतं का? की काहीच वाटत नव्हतं? मी पुष्कळ शोधलंय. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

लग्न झालं, आणि ती लॅपटॉप घेऊन माझ्या स्टुडिओत आली. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या कपड्यांतला नवरा, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर दोन्हीकडची माणसं ओळीने उभी. मधे सगळं लख्ख. उजवीकडे लख्ख. डावीकडे नवरीची माहेरची माणसं — चेहरे आहेत पण ओळख पटत नाही. एका फोटोत नाही, सगळ्या ग्रुप फोटोंत. असे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. लग्नाला आलेली माणसं आपापल्या गावी गेलेली असतात.

"दादा, डाव्या बाजूचे लोकं असे पुसल्यावानी काऊन दिसून राह्यले? म्या लय सांभाळून काढले हो."

'कॅमेरा उलटा करून बघ' — एवढंच म्हणायचं होतं मला. भिंत मागेच होती, पानंही चिकटलेली होती. तिला ती युक्ती मी कधीच शिकवली नव्हती. भिंतीचं काम मी एकट्यानेच करायचो. आणि त्या दिवशी मला एकच भीती होती, की हिला ती आपली आपण सुचेल. मी तिला भिंतीकडे पाठ करून बसवलं. खरंच बसवलं, खुर्ची फिरवून.

मग मी म्हणालो की तू कॅमेरा तिरपा धरतेस. तिरपा धरला की एक बाजू फोकसच्या बाहेर जाते. हे खरं असतं, म्हणूनच ते इतकं चांगलं खोटं होतं. ती म्हणाली, सगळ्याच फोटोंत तिरपा कसा धरला असेन? मी हसलो, आणि म्हणालो, डोळे तपासून घे एकदा, नंबर लागला असेल.

ती बुलढाण्याला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत काही नाही. तुम्हाला वाटेल, आता तरी तिला माझा संशय आला असेल. मलाही वाटलं होतं की आता ही माझ्याकडे रोखून बघेल. पण ती खुर्चीत बसून आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "मंग माह्या हातालेच काही झालं असन."

मी म्हणालो, "असन."

हा माझा गुन्हा. लेन्स विकणं नव्हे, व्हिडिओतलं खोटंही नव्हे. हा एक शब्द. तिची नजर बरोबर होती, जे दिसत होतं ते ती अचूक सांगत होती. आणि मी — ज्याच्या नजरेवर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता — मी तिला तिच्या हातावर संशय घ्यायला शिकवलं. हे एखाद्याला मारण्यापेक्षा कमी आहे का? माझ्याशी तसं कुणी केलं असतं तर मी उठलो असतो का?

त्या लोणारच्या घरात पुढे त्याच नवरीच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. काम माझ्याकडे आलं. मी घेतलं. त्याच हॉलमध्ये, त्याच जागी उभा राहून, चांगल्या लेन्सने ग्रुप फोटो काढले. लाइट धरायला वैशाली आली होती. मी बोलावलं नव्हतं. हाताला वळण लागावं म्हणून तीच येते म्हणाली. नवरीच्या मामांनी तिच्यादेखत माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "पाह्य पोरी, असं काम पाह्यजे." तिने मान हलवली. मी लेन्स पुसत राहिलो.

नंतर मी तिची ती लेन्स परत विकत घेतली. तुम्हाला वाटलं असेल, पश्चात्ताप. छे. ती दुसऱ्या कुणाच्या हातात पडली, त्याने भिंतीवर लावली, तर? खाई त्याला खवखवे. वैशाली मात्र हात जोडून म्हणाली, दादा, तुमचे उपकार झाले. त्यानंतर तिने कॅमेराही विकला. मी तिला थांबवलं नाही. लेन्स अजून माझ्या कपाटात आहे, टाकवतही नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही. चॅनेल जोरात चालू आहे. लोक लिहितात, दादा, तुमच्या डोळ्यांवर आमचा भरवसा आहे. मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

यंदा शेगावला दर्शनाला गेलो. लॉजच्या काउंटरवर वैशाली. लग्न होऊन ती तिकडेच असते, हे मला माहीत नव्हतं. तिने धावत येऊन माझ्या बायकोची विचारपूस केली, चहा मागवला, लॉजमालकाला सांगितलं की माझे गुरू आहेत. आता सांगावं, इथेच सांगावं — मी खरंच तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात परभणीकडचं एक कुटुंब पायऱ्यांवर ओळीने उभं राहिलं आणि त्यातल्या एका बाईंनी काउंटरवर येऊन वैशालीपुढे मोबाईल धरला. ताई, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढता का?

वैशालीने दोन्ही हात पटकन पाठीमागे घेतले. "मले नका देऊ, बाई," ती हसून म्हणाली. "माह्या हातानं डावीकडचे लोक जातात. हे दादा मोठे फोटोग्राफर हायेत, त्यायले द्या."

मी मोबाईल घेतला. पायऱ्यांसमोर जाऊन उभा राहिलो, आणि त्यांना जरा जवळ सरकायला सांगितलं.