गोल खिडकीतला क्रेनवाला

आमची इमारत जहाजासारखी दिसावी असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्याचे भोग आम्ही भोगतो आहोत. जुनी गोदी बंद पडली, तिच्या पाण्याभोवती ही वसाहत उभी राहिली. खिडक्या सगळ्या गोल. गच्चीवर लाल धुरांडी, त्यांतून आजवर धुराची रेघसुद्धा निघालेली नाही. प्रवेशद्वाराशी जाडजूड गुलाबी खांब आहेत, पण ते छतापर्यंत पोचतच नाहीत, मध्येच संपतात. असं का, म्हणून मी विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, "ती गंमत आहे, मॅडम." असेल बाई. आमच्या बाल्कनीत जायला दार नाही, तीही गंमतच असणार.

माझे सासरे याच गोदीत क्रेन चालवायचे. त्यांची क्रेन अजून धक्क्यावर उभी आहे, आकाशी रंग फासलेली, केबिनचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद. गोदीची आठवण जपली आहे म्हणे! जुन्या कामगारांसाठी थोडी घरं राखून ठेवली होती. त्यातलं एक आम्हाला मिळालं आणि एक पाण्यापलीकडच्या इमारतीत खुणेकाकांना.

खुणेकाका म्हणजे सासऱ्यांचे जोडीदार. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसलेला, त्याला खालचं धड दिसत नाही. म्हणून धक्क्यावर एक माणूस उभा राहून हाताने खुणा करतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळवा खाली करून हात हलवला की हळूहळू सोड. पोटाशी हात बांधले की काम झालं. क्रेनवाल्याने आपल्या माणसाचीच खूण मानायची, दुसऱ्या कुणाची नाही. अपवाद एकच. दोन्ही हात पसरले की थांब, आणि ही खूण कुणीही केली तरी पाळायची. शिवाय ओझं जमिनीला टेकेपर्यंत खूण करणाऱ्याने जागा सोडायची नाही. हे सगळं मला लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही मी जहाज रिकामं करीन.

मागच्या वर्षी सासरे न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. घरात चाकांची खुर्ची आली. आमची लिफ्ट दाराशी थांबत नाही, अर्धा मजला खाली थांबते. तिथून वर यायला जहाजावर असते तशी वळणावळणाची अरुंद लोखंडी शिडी, आणि शोभेला मध्ये आणखी एक गुलाबी खांब. दवाखान्यातून आणताना माणसांनी त्यांना चादरीत घालून, घामाघूम होत वर चढवलं. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. जिना बदलू द्या म्हणून आम्ही किती डोकं फोडलं! पण रचनेला हात लावायचा नाही, असा नियम आहे.

"सूनबाई, केबिनमध्ये निदान उतरायची वेळ तरी ठरलेली असायची गं," ते म्हणायचे. मला भरून यायचं आणि मी उगाच भांडी आपटायची.

त्यांच्या दिवसात खरा जीव होता तो सकाळी. खुणेकाका गोदीतल्या आवाजाने ठार बहिरे झालेले, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. ते त्यांच्या गोल खिडकीत उभे राहायचे आणि बोट फिरवायचे. सासरे आमच्या खिडकीच्या पडद्याची दोरी ओढून पडदा वर घ्यायचे. काकांनी तळवा खाली केला की पडदा खाली. क्रेनवाला स्वतः उलट खुणा करत नाही, त्याचे हात यंत्रावर असतात. क्रेनचा आकडा हलतो तेच त्याचं उत्तर. असे दोघे म्हातारे रोज सकाळी पाण्यावरून हवा चढवायचे नि उतरवायचे. काकांनी पोटाशी हात बांधले की मगच सासरे चहा घ्यायचे, तोवर तो निवून पाणी झालेला असायचा.

एका रविवारी खुणेकाकांची मुलगी आमच्या दारात आली आणि सासऱ्यांना म्हणाली, "काका, बाबांना मी माझ्याकडे नेतेय. कायमचंच. गाडी खाली उभी आहे. त्यांना एकदा तुम्हाला भेटायचंय, पण दम्यामुळे चढवत नाही. तुम्ही धक्क्यावर याल?"

"आलोच," सासरे म्हणाले. "सूनबाई, माझा पांढरा सदरा काढ."

ती निरोप द्यायला धावली. चादर धरायला पुरेशी माणसं नव्हती, म्हणून माझ्या नवऱ्याने आणि वॉचमनने खुर्चीच उचलली. मी पुढे झाले. पहिलं वळण कसंबसं पार पडलं, दुसऱ्या वळणावर खुर्ची खांब आणि कठडा यांच्यामध्ये रुतून बसली. वर जाईना, खाली जाईना.

"जरा तिरकी घे!" नवरा ओरडला.

"साहेब, खांब आडवा येतोय!"

मी त्या खांबावर जोरात हात मारला. आतून पोकळ निघाला मेला. सासऱ्यांचा दुखरा पाय दुमडला होता, चेहरा पांढराफटक. तेवढ्या चिंचोळ्या जागेत त्यांनी जमतील तेवढे दोन्ही हात पसरले.

"बाबा, हात आत घ्या ना!" नवरा म्हणाला.

"थांब म्हणताहेत ते," मी म्हणाले. "थांबा सगळे."

खुर्ची कशीबशी सोडवून आम्ही त्यांना परत वर आणलं. त्यांनी खुर्ची सरळ खिडकीशी न्यायला सांगितली.

खाली आकाशी क्रेनजवळ खुणेकाका उभे होते. मान वर, तळवा खाली, हात हळूहळू हलतोय. सोड, सावकाश सोड. मुलगी त्यांची बाही ओढत होती, गाडीवाला हॉर्न वाजवत होता. काका मध्येच खोकून वाकायचे, पुन्हा ताठ व्हायचे आणि हात पुन्हा सुरू.

"मी जाऊन सांगते त्यांना," मी म्हणाले.

"काय सांगशील? तो हलायचा नाही. ओझं टेकलं नाही अजून."

मग त्यांनी दोरी हातात घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. काकांचा हात जसा हलेल तसा पडदा खाली येत गेला. हात थांबला की पडदा थांबायचा. गोल खिडकी वरून झाकत आली, आधी क्रेन गेली, मग पाणी, मग काका. शेवटी पडद्याची पट्टी खालच्या चौकटीला टेकली आणि खोलीत अंधार झाला.

"बघ गं, काय करतोय?"

मी पडद्याच्या कडेने बघितलं. काकांनी पोटाशी हात बांधले होते. मग ते वळले आणि मुलीचा हात धरून गाडीत बसले.

"हात बांधले, बाबा. गेले ते."

"बरं झालं," ते म्हणाले. "नीट टेकलं."

मी पडदा वर घ्यायला दोरीकडे हात नेला. त्यांनी ती घट्ट धरून ठेवली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "उचल म्हणून आता खूण कोण करणार?"